पावसाची नक्षत्रे, वसंताची रात्र

(गोदाकाठच्या व्याख्यानमालेत मे २०२६ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. डॉ. जयंत नारळीकर यांच्या स्मृतीस अर्पण.)



येत्या २० तारखेला खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांना जाऊन वर्ष होईल. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि नाशिकला त्यांना प्रत्यक्ष ऐकायचे राहून गेले. त्यांच्या संशोधनावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी हौशी निरीक्षक आहे, लोकांना तारे दाखवणे एवढेच मला येते. पण ‘ऐकलेले आहे ना, मग एकदा तपासून बघा’ हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह मला समजतो, आणि आजचा विषय त्याच आग्रहाचा आहे. आपण जी नावे जन्मभर ऐकत आलो, ती आकाशात कुठे आहेत, हे पाहायचे.

मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. मी ही यादी सुरू केली तेव्हा पुढच्या रांगांतले कितीतरी ओठ माझ्याबरोबर हलले. निफाडचा, दिंडोरीचा, येवल्याचा शेतकरी ही यादी झोपेतही म्हणेल. मघाचा पाऊस, हत्तीचा पाऊस, उत्तरेने दिलेली ओढ हे आपले रोजचे बोलणे आहे. पण यांतली मघा आकाशात बोटाने दाखवा म्हटले की सभा गप्प होते. मी हा प्रश्न शाळांत विचारला आहे, ग्रामपंचायतींच्या ओट्यांवर विचारला आहे, चांगल्या शिकलेल्या मंडळींनाही विचारला आहे. नावे सगळ्यांकडे आहेत, तारे फार थोड्यांकडे.

याचा दोष आपल्या आळसाला देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘मृग लागला’ म्हणजे नेमके काय झाले? सूर्य मृग नक्षत्रात गेला. ८ जूनच्या आसपास सूर्य आणि मृगाचे तारे आकाशाच्या एकाच भागात येतात. मृग सूर्याबरोबर उगवतो, दिवसभर त्याच्या उजेडात हरवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. म्हणजे ज्या पंधरवड्यात अख्खा महाराष्ट्र मृगाचे नाव घेतो, त्याच पंधरवड्यात मृग दिसत नाही. १७ ऑगस्टच्या सुमारास मघा लागतात, तेव्हा मघा दिसत नाहीत. हस्त लागतो, तेव्हा हस्त दिसत नाही. ढग नसते तरी दिसले नसते. नाव आणि तारा यांची चुकामूक ही या व्यवस्थेतच आहे.

मग त्यांची भेट कधी होते? आत्ता. मे महिन्याच्या मध्यावर, रात्री साडेआठला, पश्चिम क्षितिजापासून पूर्वेकडे मान फिरवत गेलात तर काय दिसते पाहा. पश्चिमेला मृग मावळतो आहे. त्याच्या वर आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. जवळजवळ डोक्यावर मघा. पूर्वेकडे उतरताना पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती, आणि त्यामागे विशाखा. एस.टी. स्टँडवर गाड्यांची पाटी लावलेली असावी तसा येत्या जून ते नोव्हेंबरचा सबंध पावसाळा त्याच क्रमाने वर मांडलेला असतो. सूर्य अजून या पट्ट्यात शिरायचा आहे, म्हणूनच तो पट्टा रात्री मोकळा दिसतो. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस काढत याच वाटेने पूर्वेकडे सरकणार. वसंत हा पावसाची नक्षत्रे शिकण्याचा ऋतू आहे, तो एवढ्याचसाठी.

नवशिक्याला वसंत सोपा पडण्याचे आणखी एक कारण आहे. आपली आकाशगंगा चपटी आहे आणि आपण तिच्या आत, त्या चपट्या पातळीतच राहतो. पातळीच्या दिशेने पाहिले की ताऱ्यांची गर्दी दिसते, पातळीला काटकोनात पाहिले की ते विरळ दिसतात. वसंतातल्या रात्री दहाच्या सुमारास नाशिकच्या जवळजवळ डोक्यावर असतो तो आकाशगंगेचा उत्तर ध्रुव, अरुंधतीकेश या तारकासमूहातला. त्या वेळी दुधाळ पट्टा क्षितिजालगत आडवा पडलेला असतो, म्हणून दिसत नाही. वरचे आकाश ओकेबोके वाटते. पण शिकणाऱ्याला ते ओकेपण उपयोगी पडते. मोजकेच ठळक तारे आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा असल्यामुळे घोटाळा कमी होतो. आणि या मोकळ्या जागेतून फार दूरचे दिसते. कन्या राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराच्या सावलीचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले, ते त्याच समूहातल्या एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्राचे होते. ती दीर्घिका साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण ती कुठल्या बाजूला आहे हे मेच्या रात्री गच्चीवरून हात करून दाखवता येते.

आता प्रत्यक्ष कसे शिकायचे? शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य मराठी वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, आणि त्याला जोड नाव दिले ‘रात्रीची दोन घटका मौज’. ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’सारखा जाडजूड इतिहासग्रंथ लिहिणाऱ्या या पंडिताने नवशिक्याकडून मागितल्या त्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. पहिल्या रात्रीला तेवढ्या खरेच पुरतात. गच्चीवर सतरंजी अंथरा. मोबाइल खिशात ठेवा, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पडद्यावर एक नजर टाकली की ते सगळे पाण्यात जाते. टॉर्च लागणारच असेल तर काचेवर लाल जिलेटिन कागद बांधा. मोजपट्टी तुमच्या हातातच आहे. हात सरळ लांब केला की बंद मूठ साधारण दहा अंश झाकते, ताणलेली वीत वीस अंशांच्या आसपास, करंगळी एक अंश. पूर्ण चंद्र मात्र अर्धाच अंश असतो. करंगळीने तो सहज झाकला जातो, यावर पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही.

सुरुवात उत्तरेकडून करा. सप्तर्षी ओळखता आले नाहीत असा माणूस मला अजून भेटायचा आहे. आत्ता ते उत्तरेला उंचावर, पालथे पडल्यासारखे दिसतात. चौकोनाच्या टोकाचे दोन तारे क्रतू आणि पुलह. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढा आणि ती त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे, खाली क्षितिजाकडे न्या. तिथे एकटा, मध्यम तेजाचा ध्रुव आहे. त्याची उंची मोजा, दोन मुठी भरेल. वीस अंश. नाशिकचे अक्षांशही वीस. पृथ्वीच्या गोलावर तुम्ही कुठे उभे आहात ते तुम्ही नुसत्या हाताने मोजलेत. हीच मोजणी दिल्लीच्या पाहुण्याने त्याच्या गच्चीवर केली तर त्याला जवळजवळ तीन मुठी लागतील.

आता सप्तर्षींची शेपटी धरा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. नीट पाहा, त्याला चिकटून बारीक अरुंधती आहे. लग्नात भटजी जिच्याकडे बोट दाखवतात, ती हीच. शेपटीला जो बाक आहे तोच बाक तसाच पुढे पूर्वेकडे वाढवत न्या. तो जाऊन पोचतो एका नारिंगी, तेजस्वी ताऱ्यावर. ही स्वाती. तोच बाक आणखी पुढे न्या, आग्नेयेला शुभ्र चित्रा. चित्रेच्या उजव्या हाताला चार-पाच ताऱ्यांची वाकडी चौकट दिसते, तो हस्त. बघता बघता पावसाळ्याची शेवटची तीन नक्षत्रे तुमच्या ताब्यात आली.

स्वातीबद्दल दोन गोष्टी सांगतो. एक, सूर्याच्या वाटेपासून ती बरीच उत्तरेला आहे. सूर्य ‘स्वातीत’ जातो तेव्हा त्या ताऱ्यापासून तीन मुठींच्या अंतराने जातो. यादीत तिचे नाव आहे ते तिच्या तेजामुळे असावे. दुसरी गोष्ट खास नाशिकची. या ताऱ्याची खगोलीय वाट आपल्या अक्षांशापासून अंशभरानेच दक्षिणेला आहे, म्हणून स्वाती रोज नाशिकच्या जवळजवळ नेमकी माथ्यावरून जाते. सध्या रात्री अकरा-सव्वाअकराला, आणि जूनच्या मध्याला सव्वानवाच्या सुमारास. तारे रोज चार मिनिटे लवकर येतात, महिन्याला दोन तास. हे चार मिनिटांचे गणित एकदा कळले की वर्षाचे आकाश मनात फिरवता येते.

आता डोक्यावर पाहा. तिथे कोयत्याच्या आकाराचे पाच-सहा तारे आहेत, कोयत्याची मूठ म्हणजे ठळक मघा. कोयता हे सिंहाचे डोके आणि आयाळ. पूर्वेकडे तीन ताऱ्यांचा त्रिकोण, ही त्याची मागची बाजू. त्यातले जवळजवळ एकाखाली एक असलेले दोन तारे पूर्वा, आणि शेपटीच्या टोकाचा एकटा तारा उत्तरा. मघा सुमारे ७९ प्रकाशवर्षे दूर आहे. आज तुमच्या डोळ्यांत शिरलेला तिचा प्रकाश १९४७ च्या आसपास निघालेला आहे. दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर रात्री साडेनवाला तिकडेही पाहा. जेमतेम मूठभर उंचीवर त्रिशंकू आडवेतिडवे चार तारे घेऊन उभा असतो. उत्तरेकडच्या राज्यांतल्या लोकांना तो एकतर दिसत नाही किंवा क्षितिजाला घासून जातो. त्याच्या पूर्वेला थोड्या वेळाने वर येतो तो मित्र तारा, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवरचा. त्याचा आजचा प्रकाश निघाला तेव्हा आडगावच्या संमेलनाचा मंडप नुकताच उतरला असेल.

पुष्य मात्र कष्ट मागतो. पुनर्वसूचे दोन जुळे तारे आणि मघा यांच्या बरोबर मध्ये त्याची जागा आहे, पण त्याचे तारे मंद आहेत. शहरातून ते दिसणार नाहीत. साधी सात बाय पन्नासची द्विनेत्री घ्या, आणि त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत मधुचक्र हा तारकागुच्छ सापडतो, सुमारे सहाशे प्रकाशवर्षे दूर. दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नका. डोळ्यांना वाटा माहीत नसतील तर महागडी दुर्बीणही चंद्र दाखवून कपाटात जाते.

शहराच्या उजेडाविषयी तक्रार करायची पद्धत आहे, मीही करतो. नाशिकच्या रस्त्यांवरचे पांढरे दिवे निम्मा प्रकाश वर फेकतात की काय असे वाटते. दिव्यावर झाकण असेल आणि उजेड रस्त्यावरच पडेल तर विजेचीही बचत होते. पण आज सांगितलेले मघा, चित्रा, स्वाती, सप्तर्षी हे सगळे कॉलेज रोडच्या गच्चीवरूनही दिसतात. पहिला धडा घरीच होतो. दुसऱ्या धड्यासाठी अंजनेरीच्या पलीकडे, हरसूल, पेठ, सुरगाण्याकडे जा. तिथे गेलात तर रात्रीच्या विजेवर शेताला पाणी भरणाऱ्या एखाद्या माणसाशी बोला. रात्रभर बांधावर बसणाऱ्याला कुठला तारा कधी डोंगराआड जातो हे माहीत असते, बऱ्याचदा फक्त नाव माहीत नसते. आपल्याकडे नाव आहे आणि त्याच्याकडे तारा. दोघांनी बसावे.

आपला हा मुलूख या विद्येला परका कधीच नव्हता. आपल्या जिल्ह्याला लागून चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. संस्कृताबरोबर त्यात त्या काळची मराठीही आहे. पुण्याला आमच्यासारख्या हौशी लोकांनी २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली, ती आजही चालू आहे. आणि पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या रेडिओ लहरी टिपत असतात. गिरवलीच्या डोंगरावर नारळीकरांनी उभ्या केलेल्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. या सगळ्यांच्या शेजारी राहून मघा ओळखता येऊ नये हे मला पटत नाही.

इथे एक नाजूक मुद्दा येतो, आणि नाशिकमध्ये तो टाळून चालणार नाही. नक्षत्रे म्हटले की आपल्याकडे पत्रिका येते, शांती येते. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असते, बेडूक, म्हैस, उंदीर, आणि त्यावरून पाऊस किती ते सांगतात. नारळीकरांनी अशा दाव्यांची थट्टा केली नाही, परीक्षा घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पुण्यातल्या संख्याशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन त्यांनी हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून पन्नास टक्के बरोबर येतात. २००९ मध्ये हा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. पंचांगातले गणित आणि पंचांगातले फल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक कळायचा असेल तर आकाश स्वतः पाहिले पाहिजे. ८ जूनला सूर्य मृगात जातो, हे गणित तुम्ही मेच्या रात्री मृग मावळताना पाहून पडताळू शकता. बेडूक कुठेही दिसणार नाही.

आता सर्वांत जवळचे उदाहरण. आपल्या शहरात सध्या रस्ते खोदलेले आहेत, घाटांची कामे चालली आहेत, कारण सिंहस्थ येतो आहे. गुरू सूर्याभोवती एक फेरी ११.८६ वर्षांत पुरी करतो, म्हणून तो एका राशीत साधारण वर्षभर असतो आणि बारा वर्षांनी सिंहेत परततो. नाशिकचे हे सर्वांत मोठे पर्व एका ग्रहाच्या आणि एका तारकासमूहाच्या भेटीवर उभे आहे. आजच्या रात्री तो गुरू कुठे आहे? सभा संपल्यावर गाडी काढण्याआधी पश्चिमेकडे पाहा. खाली झगझगीत शुक्र, त्याच्या वर पुनर्वसूपाशी गुरू. शुक्र रोज त्याच्याकडे चढतो आहे आणि ९ जूनला दोघे करंगळी-दीड करंगळीच्या अंतरावर येतील. पुढे गुरू सूर्याच्या प्रकाशात जाईल, पहाटे पूर्वेला निघेल, आणि ३१ ऑक्टोबरला पंचांगाप्रमाणे सिंहेत प्रवेश करील. त्या दिवशी सिंहस्थाचे ध्वजारोहण.

पण स्नानाच्या जाहीर झालेल्या तारखांपैकी एक पाहा. ३१ ऑगस्ट २०२७, अमावस्या. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि गुरू तिघेही सिंहेत असतील. म्हणजेच गुरू सूर्याच्या अगदी शेजारी असेल आणि सिंह दिवसाच्या उजेडात बुडालेला असेल. लाखो लोक ज्या योगासाठी गोदावरीत उतरतील, तो योग त्यांच्यातल्या एकालाही दिसणार नाही. पावसाच्या नक्षत्रांची जी गत, तीच सिंहस्थाची. नाव घेण्याची वेळ आणि दिसण्याची वेळ वेगळी. सिंहस्थातला गुरू डोळ्यांनी पाहायचा असेल तर त्याआधीच्या वसंतात पाहावा लागेल. पुढच्या एप्रिल-मेमध्ये तो संध्याकाळी डोक्यावर, मघेच्या पश्चिमेला साधारण मूठभर अंतरावर असेल.

तेव्हा तुमच्याकडे एक वर्ष आहे, आणि कामाची यादी लहान आहे. परवा शनिवारी अमावस्या आहे, म्हणजे हा आठवडा अंधाराचा. सप्तर्षी, ध्रुव, स्वाती, चित्रा एवढे या आठवड्यात करा. १७ तारखेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. धोंड्याच्या महिन्यात जावई घरी येतील, त्यांना जेवणानंतर गच्चीवर न्या. २३ मेच्या संध्याकाळी अर्धा चंद्र मघेच्या अगदी जवळ असेल, ज्यांना अजून मघा सापडली नसेल त्यांना ती त्या दिवशी चुकणे शक्य नाही. ९ जूनला ढगांनी परवानगी दिली तर शुक्र-गुरू पाहा. मग पाऊस सुरू होईल, आकाश झाकले जाईल, आणि ‘मघा लागल्या’ हे वाक्य तुम्ही पहिल्यांदाच मघा पाहिलेल्या माणसासारखे म्हणाल.

आणि पुढच्या वर्षी देशभरातून आलेला एखादा यात्रेकरू रामकुंडावर तुम्हाला विचारील, तो सिंह आहे तरी कुठे? त्याला सांगता आले पाहिजे की तो आत्ता सूर्यामागे आहे, आम्ही त्याला मे महिन्यात पाहिला आहे, आणि तुम्हाला पाहायचा असेल तर फेब्रुवारीनंतर कधीही या, आमच्या गच्चीवरून दाखवतो.